डबल बेलची ॲम्ब्युलन्स

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही हो. माणसानं फक्त एका जागी बसून राहावं, गाळणीत चहाची भुकटी साचते तसे ते आपोआप साचतात. मी जन्मभर बसमध्ये कंडक्टर होतो. तिथं इतके साचले की रिटायर झालो त्या दिवशी बायकोला म्हटलं, "बास! आता आपले कान बंद." ती म्हणाली, "कान बंद झाले तं चालते. तोंड कदी बंद होनार हाय?"

पण कसचं काय! घरी येऊन पाय लांब करतो न करतो तोच गावानं वर्गणी करून ॲम्ब्युलन्स घेतली.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या पुढे. नाव सांगत नाही, उगाच कोणी चौकशीला जाईल. आधी आमच्याकडे पेशंट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायचा. ट्रॉलीत बाज टाकायची, बाजेवर पेशंट, वरून ताडपत्री. आमची काळी जमीन तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात ती पाय धरते, मग ट्रॉलीला काय सोडते! एकदा गावातली एक लेकुरवाळी बाई त्या ट्रॉलीतच गेली, शेतातल्या पांदणीवर, चिखलात चाक रुतलेलं असताना. त्या दिवशी गाव सुन्न झालं. कोणी भाषण केलं नाही, काही नाही. जुनी व्हॅन घेतली, पांढरा रंग दिला, आतमध्ये स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचं सिलेंडर बसवलं.

ड्रायव्हर मिळाला गजू. मूळचा शेंदूरजनाघाटचा, सासुरवाडीला येऊन राहिलेला. तो संत्र्याच्या गाडीवर होता. गावाचा हिशोब सोपा होता: जो संत्रं न फोडता बडनेऱ्याच्या मालधक्क्यापर्यंत नेतो, तो माणूसही नेईल! आणि मागे पेशंटजवळ बसायला मी. मी सरपंचाला म्हटलं, "बाप्पा, मले डॉक्टरकीतलं काय समजते?" तो म्हणाला, "तुमाले गर्दी हटवता येते. बाकीचं शिकवू."

खरंच शिकवलं. अमरावतीच्या एका दवाखान्यात जाऊन नाडी पाहणं, ऑक्सिजन लावणं, छाती दाबणं, सगळं शिकून आलो. फक्त एक सवय गेली नाही. पेशंट आत आला, दार लागलं की मी मधल्या पत्र्यावर दोनदा ठोकतो. टक-टक. डबल बेल! त्याशिवाय गजू गाडी हलवत नाही आणि मलाही गाडी सुटल्यासारखी वाटत नाही.

*

तर गाडी आली. नारळ फुटला, हार घातला, पेढे वाटले. आणि मग गाडी देवळासमोर उभीच! कोणी बसायलाच तयार नाही.

कारण काय, तर बोहनी. 'पहिल्यांदा जो बसेल तो परत यायचा नाही', असं कोणीतरी बोललं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. कोण बोललं ते आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तर पहिला पेशंट मीच तयार केला असता.

अशात एका सकाळी किराणा दुकानवाल्या नामदेवच्या छातीत कळ आली. घामानं बनियन ओलं, ओठ पांढरे. आम्ही गाडी थेट दुकानाच्या पायरीला लावली, मागचं दार उघडलं. नामदेवनं गाडीकडे पाह्यलं आणि पोराला म्हणाला, "मोटरसायकल काढ."

"येड लागलं काय तुले?" मी ओरडलो.

"कंडक्टरभाऊ," तो धापा टाकत म्हणाला, "आज दुकानाची बोहनी नाई झाली, आन् गाडीची मी करू?"

पोरगा पुढे, नामदेव मध्ये, मागे त्याला कवळून बसलेला पुतण्या. निघाली मोटरसायकल अंजनगावला! आता आम्ही काय करणार? आम्हीही निघालो तिच्या मागे, लाल दिवा फिरवत, सायरन वाजवत. पुढे पेशंट मोटरसायकलवर आणि मागे रिकामी ॲम्ब्युलन्स! रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, कोणी पुढारी चालला आहे. दोघा-तिघांनी तर नामदेवला नमस्कार केला.

हसता काय? तेव्हा माझी काय अवस्था होती ती मलाच ठाऊक. प्रत्येक खड्ड्याला नामदेवची मान लटकन हलायची. गजू दात-ओठ खात स्टेअरिंगवर बुक्की मारत होता. "पडला तं उचलू बाप्पा," तो म्हणाला, "मंग तरी बसन का गाडीत?"

नामदेव पडला नाही. वाचलाही. पण गाडीची बोहनी राहिलीच.

शेवटी माझी चुलती, वच्छलामाय, काठी टेकत देवळापाशी आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाली, "मले ने रे अमरावतीले. डोळे करून घेतो. लोकं भेऊन राहिले म्हनते. मले तं दिसतच नाई कोन भेऊन राहिलं ते."

ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून वच्छलामाय त्याच गाडीतून परत आली. देवळासमोर उतरली, कमरेवर हात ठेवले आणि जमलेल्या सगळ्या गावाला म्हणाली, "पाह्यलं का? आली! आता एकेकानं पडा बिमार!"

लोक बसायला लागले. पण गावातल्या म्हाताऱ्यांत सगळ्यात मोठे आबाजी, त्यांच्या शब्दापुढं सरपंचही जात नाही. ते देवळाच्या ओट्यावरून म्हणाले, "ठीक हाय. बसा. पन ज्या दिवशी या गाडीत कोनाचा जीव जाईन, त्या दिवसापासून तिले कोनी हात लावाचा नाई." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या!

झालं. तुम्ही म्हणाल, खुळचट लोक. असतील. पण मी त्याच गावचा, मला माहीत होतं की हे बोलले तसं करतील. एक माणूस जरी आमच्या गाडीत गेला, की पुढच्या माणसाला पुन्हा ट्रॉली, पुन्हा ताडपत्री, पुन्हा तो चिखल. त्या दिवसापासून गजू नुसता पेशंट नेत नव्हता. सारं गाव मागे घेऊन चालवत होता.

*

एक दिवस आम्ही पेशंटला सोडून अंजनगावात चहा प्यायला थांबलो होतो. गजूचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, बशी तशीच ठेवली आणि पळाला. मी मागे. गाडी सुरू, सायरन सुरू. मी विचारतो, "काय झालं?" तर म्हणे, "साप चावला. बाईले."

गाडी गावाकडे वळायची तर हा तालुक्याच्या बाजारपेठेत घुसला! गर्दीतून वाट काढत एका मोठ्या फाटकासमोर करकचून ब्रेक. मी खाली उतरून पाहतो तर काय, कोर्ट! काळ्या कोटातले वकील आमच्याकडे बघताहेत.

"अरे गजू, इथी काहून आनलं? कोनाची तारीख हाय?"

"तेच म्हनले नं फोनवर! 'आमी कोर्टात हावो, लवकर या, साप चावला!'"

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात रामदासचं एक वावर आहे. त्याच्या आजापासून त्या वावराची केस चालू आहे. म्हणून सारं गाव त्या वावराला 'कोर्ट'च म्हणतं! 'कोर्टात तूर पेरली', 'कोर्टात डुकरं घुसली', असंच बोलतात. गजू पडला बाहेरगावचा जावई, त्याला हे कोण सांगणार?

मग जी गाडी फिरवली! मी आयुष्यात तितका घाबरलो नव्हतो. कोर्टाच्या, म्हणजे वावराच्या, बांधावर रामदास बायकोला मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. तिला उचललं, डबल बेल दिली, परत अंजनगाव. तिचा हात माझ्या हातात, तो जड होत चाललेला, आणि मी मनात एकच घोकत होतो, 'इथी नोको वो माय, दवाखान्यात काय व्हाचं ते होऊ दे, इथी नोको.' असं माणसानं घोकू नये. पण घोकलं.

इंजेक्शनं दिली. दोन दिवसांनी ती उठून बसली. रामदासनं तिला सांगितलं की गाडी आधी खऱ्या कोर्टात गेली होती. ती माउली आमच्याकडे पाहत म्हणाली, "मंग आलेच होते तिथी, तं आमची तारीख तरी पुसून याची!"

*

उन्हाळ्यातली गोष्ट. सुरेखा नावाची आमच्या गावची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ पायाळू. नर्सबाई म्हणाल्या, इथं थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. निघालो. आणि वाटेतल्या एका गावात रस्ताभर वरात! डीजे इतका मोठा की आमचा सायरन त्यात बुडून गेला. नाचणारी पोरं समजली की सायरनही गाण्यातलाच आहे. ती आणखी जोरात नाचायला लागली.

आतमध्ये सुरेखा किंचाळत होती. तिची आई माझ्या शर्टाची कॉलर धरून म्हणत होती, "कंडक्टरभाऊ, काहीतरी करा, माही पोरगी जाईन!" गजू हॉर्नवरून हात काढत नव्हता. कोणी हलेना.

मी खाली उतरलो. विनंती करावी म्हणून तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं काय? जन्मभर जे निघालं तेच!

"चला, मधे उभं राहू नका! पुढे सरका! पुढे सारी जागा रिकामी आहे!"

बाप्पा, काय सांगू! सगळी वरात सरकली! सवयच ती. बायका सरकल्या, फेटेवाले सरकले, नवरदेवाचा घोडासुद्धा सरकला. रस्ता मोकळा झाला, गजूनं गाडी काढली, मी पळत येऊन मागे लटकलो. तेवढ्यात वरातीतला एक म्हातारा खिशात हात घालून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, एक फुल, एक हाफ."

सुरेखाला मुलगा झाला. दवाखान्याच्या दारातच झाला, पण दाराच्या आत.

*

एकदा आमची गाडीच पेशंट झाली. अकोल्याच्या रस्त्यावर. आत होते देशमुख गुरुजी, आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर, दम्याचे. ऑक्सिजन चालू, पण ओठ निळे पडत चाललेले. आणि क्लच प्लेट गेली! गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला थांबली. गजू खाली उतरला, वर आला, परत खाली उतरला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

सरकारी गाडीला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघाली होती. आता काय? मागून एक मेथीनं भरलेला टेम्पो आला. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. भाजीवाल्यानं एका नजरेत सगळं ओळखलं. मेथीच्या जुड्या दोन बाजूंना लोटल्या, मध्ये गुरुजींना ठेवलं, सिलेंडर उचलून त्यांच्या उशाशी. मी मेथीत पाय रुतवून बसलो.

टेम्पो निघताना गजू रस्त्यावर उभा होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं बाप्पा, आता आपल्या गाडीत नाई." म्हणाला आणि त्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. मी पाह्यलं. मी त्याला काय बोलणार? माझ्याही मनात तेच आलं होतं.

गुरुजी जगले. दोन दिवसांनी गजू त्यांना भेटायला गेला, पायांवर डोकं ठेवलं आणि जे बोलला ते सांगून टाकलं. गुरुजींनी मास्क बाजूला केला. "त्याचं काही नाही रे," ते म्हणाले. "पण माझ्या अंगाला दोन दिवस मेथीचा वास येतोय. ही नर्सबाई मला 'पराठा' म्हणते!"

*

भाऊबंदकीचा किस्सा सांगितल्याशिवाय वऱ्हाडातल्या माणसाची मैफल पुरी होत नाही. आमच्या गावात सुखदेव आणि महादेव, दोघे चुलत भाऊ. वावर लागून. दोघांच्या मध्ये जो धुरा, म्हणजे बांध, त्यावर एक बाभूळ. धुरा कोणाचा आणि बाभूळ कोणाची यावरून कित्येक वर्षं बोलणं बंद. एकमेकांच्या पोरांच्या लग्नात जेवले नाहीत.

एक दिवस सुखदेव विहिरीच्या काठावरून डोक्यावर पडला. त्या वेळी आसपास कोण? महादेव! त्यानंच पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. दुसरं कोणी नव्हतं म्हणून गाडीतही तोच बसला. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "डोक्याला मार आहे, ग्लानी येतेय ना? झोपू देऊ नका. अमरावतीपर्यंत बोलतं ठेवा."

मी सुरुवात केली. "सुखदेव, नाव सांग." सांगितलं. "कपाशी कशी हाय?" "बरी." "पोरगा कुठी असते?" उत्तर नाही. डोळे मिटले. गालावर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं. डोळे उघडायचे आणि परत मिटायचे. नाडी हळू झाली. माझ्याकडचे सगळे प्रश्न संपले. गजू पुढून ओरडत होता, "बोला नं! काहीबी बोला!"

महादेव कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली आणि एकदम म्हणाला, "धुरा माहा हाय."

सुखदेवचा एक डोळा उघडला. "काय म्हनला?"

"धुरा माहा. आन् बाभूळ माह्या बापानं लावली."

दुसरा डोळा उघडला! "तुह्या बापानं? तुह्या बापानं जिंदगीत मिरची नाई लावली, बाभूळ लावली म्हने!"

आणि जे जुंपलं! आई-बाप, आजे-पणजे, मोजणीवाला, तलाठी, कोणी सुटलं नाही. सुखदेव मध्येच ढेपाळायचा, की महादेव नवीन काडी टाकायचा. "तुही विहीरबी माह्या हद्दीत हाय!" की हा परत पेटला! स्ट्रेचरवरून उठून मारायला निघाला, मी धरून ठेवला. गजू पुढून म्हणतो, "थांबू नका भाऊ, लय रस्ता बाकी हाय!"

दवाखान्यात पोचलो तेव्हा सुखदेव शुद्धीवर होता आणि शिव्या देत होता. डॉक्टर म्हणाले, "छान! उत्तम ठेवलंत तुम्ही."

बाहेर येऊन पाहतो तर महादेव भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. "खोटं बोललो हो कंडक्टरभाऊ. बाभूळ त्याच्याच बापानं लावली. म्या डोळ्यानं पाह्यलं हाय, लहान होतो तवा."

"मग जाऊन सांग नं त्याले!"

त्यानं डोळे पुसले. "आत्ता नोको. टाके पडू द्या. आत्ता सांगतलं तं झोपीन तो."

*

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

आमच्या गावात वामनकाका होते. माळी. जन्मभर वांगी-टमाटे पिकवले आणि अमरावतीच्या बाजारात नेले. आधी बैलबंडीनं, मग टेम्पोत पोत्यांवर बसून. त्यांना एकच लेक, शोभा, अकोल्याला दिलेली. काका आजारी पडले तेव्हा तीच अमरावतीच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ राहिली. एक दिवस दुपारी डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. म्हणाले, "आता घरी न्या. आमच्या हातात काही राहिलं नाही. वाटेत काही झालं तर छाती वगैरे दाबू नका, शांत जाऊ द्या."

शोभानं आम्हाला फोन केला. सरपंचाला कळलं तसं तो गाडीपाशी धावत आला. "भाऊ, बिमार मानूस दवाखान्यात न्याले गाडी हाय. हे असं कसं आनता? रस्त्यात झालं तं? तिले म्हना भाड्याची गाडी कर."

शोभा फोनवरच होती, तिनं ऐकलं. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "बाबाचं एकच म्हननं हाय, माह्या बाजेवर न्या. मी भाड्याची गाडी करतो. तुमी फिकीर नोका करू."

गजूनं माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, आमी येऊन राहिलो."

मी म्हटलं, "गजू, आन् रस्त्यात काही…"

"संत्रं नेल्तं मी," तो म्हणाला. "हेबी नेईन."

काकांना आत घेतलं. मास्क लावला. डोळे मिटलेले, श्वास तोकडा. मी डबल बेल दिली, हळूच. शोभा त्यांच्या कानाशी बसली. नर्सनं तिला सांगितलं होतं की माणसाला शेवटपर्यंत ऐकू येतं. म्हणून ती रस्ता सांगायला लागली. "बाबा, वलगाव आलं. बाबा, पूर्णेचा पूल आला. पानी हाय बरं नदीले." काका काही बोलत नव्हते, पण नाडी होती. माझी बोटं मनगटावरून हलली नाहीत.

पूल ओलांडला आणि पुढे रस्ता खोदलेला. गजूनं गाडी बाजूच्या कच्च्या रस्त्यानं घेतली. आमच्या काचा दुधी, शोभाला बाहेरचं दिसत नव्हतं, ती सगळं अंदाजानंच सांगत होती. एक नाला लागला तशी ती म्हणाली, "बाबा, लेंडी नाला आला."

मास्कच्या आत काहीतरी हललं. मी मास्क थोडा वर केला.

"हा लेंडी नाला नोय," काका म्हणाले! डोळे मिटलेलेच. "लेंडीवर गाडी डाव्या अंगाले कलते. गज्यानं वाट चुकोली."

गजू पुढून रडत-हसत ओरडला, "काका, रस्ता खोदला हाय! म्हून इकडून घेतली!"

"मंग तसं सांग पोरीले," काका म्हणाले. "चुकीचं नाव सांगून राहिली मले."

आम्ही तिघंही हसलो. शोभानं त्यांच्या गालाला गाल लावला. मला वाटलं, जमलं! हा माणूस घरीच काय, उद्या मळ्यात जाईल!

परत डांबरी रस्ता लागला. अंजनगाव जवळ आलं. आणि माझ्या बोटांखाली नाडी लागेना. मी बोटं सरकवली. दुसरं मनगट धरलं. मग मानेपाशी पाह्यलं. छातीकडे पाहत राहिलो. काही नाही. मी मान वर केली तर शोभा माझ्या बोटांकडे पाहत होती.

"काका कसे हाय?" गजूनं पुढून विचारलं.

शोभा खाली वाकली. कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "बाबा, वलगाव आलं बरं."

वलगाव कधीच मागे पडलं होतं. ती तशीच वाकून राहिली, कान मास्कजवळ नेऊन. वाट पाहत राहिली. मला ते पाहवेना, मी सिलेंडरच्या काट्याकडे पाहत बसलो.

मग ती सरळ झाली. पदरानं त्यांचं कपाळ पुसलं आणि परत वाकली. "चुकली मी बाबा. वलगाव मांग राह्यलं. हे अंजनगाव हाय. आज बाजार भरला हाय. वांगे लय आले. … बाबा, शहानूर आली. … बाबा, आपला फाटा आला. … शाळा सुटून राहिली, पोट्टे हात दाखवून राहिले तुमाले." ती एकेक सांगत गेली, घरापर्यंत, एकही न चुकता. गजूनं परत विचारलं नाही. मागून मला त्याचे फक्त खांदे दिसत होते. पण गाडीला त्यानं एक दचका बसू दिला नाही.

घरासमोर सारं गाव उभं. पुढे सरपंच, त्याच्या बाजूला आबाजी. दार उघडलं तसे सगळे पुढे झेपावले. "हाय का? हाय का?"

"बाबा थकले हाय," शोभा म्हणाली. "कोनी बोलू नोका त्यांच्यासंग. पहिले घरात घेऊ द्या."

मास्क मी तसाच ठेवला. सिलेंडर काखेत मारलं, लोकांच्या आणि काकांच्या मध्ये आडवा चालत राहिलो आणि ओरडलो, "चला, बाजूला व्हा, वाट द्या!" काकांना त्यांच्या बाजेवर ठेवलं. शोभानं सगळ्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं. तुळशीपत्राचं पाणी चमच्यानं तोंडात घातलं. ते गालावरून ओघळलं, तिनं पुसलं. मास्क स्वतःच्या हातानं काढला. मग जी रडली! बाहेरच्या बायकांनीही टाहो फोडला. "आत्ताच गेले," मी बाहेर येऊन म्हटलं, "पानी पिले आन् गेले." आबाजींनी डोळे पुसले. "मानूस नशिबाचा," ते म्हणाले. "आपल्या बाजेवर गेला."

आणि माझी नजर गाडीकडे गेली.

आमच्याकडे मयत नेलेली गाडी धुतल्याशिवाय पुढे काढत नाहीत. हे कोणी कोणाला सांगत नाही, हात आपोआप बादलीकडे जातात. गजूनं गाडी हापशापाशी लावली होती. डोळ्यांतून धारा लागलेल्या, त्याला कशाचंच भान नव्हतं. बादली भरलेली, मागचं दार सताड उघडं आणि पहिला तांब्या त्यानं पायरीवर ओतलेला!

ओट्यावरची कुजबुज थांबली. सगळं गाव तिकडे पाहत होतं. आबाजी काठी टेकत उठले. "गजू," त्यांनी विचारलं, "गाडी काहून धुऊन राहिला?"

गजूचा हात तांब्यासकट तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे पाह्यलं. मी कुठं पाहू?

तेवढ्यात शोभा दारातून बाहेर आली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. गर्दीनं तिला वाट दिली. ती सरळ हापशापाशी गेली, गजूच्या हातातून तांब्या घेतला, बादली उचलली आणि सारं पाणी लिंबाच्या झाडाच्या आळ्यात ओतून टाकलं.

"गजूभाऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गाडी कायले धुता? बाबा तं घरात गेले."